मुक्या जिवाचे देणे

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

आमच्या आळे गावाची ओळख कुणाला करून द्यायची झाली, तर दोन गोष्टी सांगितल्या की पुरते. एक आळेफाटा, जिथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. आणि दुसरी रेड्याची समाधी. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने परतीच्या वाटेवर आमच्या गावी देह ठेवला आणि भावंडांनी त्याला येथे समाधी दिली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. एका मुक्या जनावराचे देऊळ असलेल्या गावात मी लहानाची मोठी झाले. पण त्या देवळापुढे हात जोडताना आपण नेमके कशापुढे हात जोडतो, हा प्रश्न मला अकरावीत जाईपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका आषाढातल्या रात्री. ती रात्र आजही आठवली की ओव्याचा वास नाकात भरतो.

आमचे घर गावठाणापासून थोडे दूर, मळ्यात. एका खोलीत कांद्याची थप्पी, दुसरीत आम्ही. पाऊस लागला की जमिनीला ओल येते, म्हणून खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी आणि वर गोधडी. त्या रात्री तिनाच्या सुमारास आईच्या कण्हण्याने मला जाग आली. पोटात कळ येत होती. रात्री कांद्याची भजी झाली होती, तेच बाधले असणार असे मला वाटले. मी उठले, ओवा चावायला दिला, वर कोमट पाणी दिले आणि म्हटले, "पड आता गप. सकाळी वाटंल बरं." ती पडून राहिली. मीही झोपले. आणि चांगली गाढ झोपले, हे सांगितल्याशिवाय ही हकिगत खरी होणार नाही.

पहाटे आप्पा धारेला उठले तेव्हा आई जागीच होती. पण तिला डोळे उघडता येत नव्हते. पापण्या जणू कुणी चिकटवून टाकल्या होत्या. बोलू लागली तर जीभ जड. थुंकी गिळता येईना, ती ओठाच्या कोपऱ्यातून ओघळू लागली. थोरली आजी म्हणाली, "नजर लागली बयेला. आधी देवापुढं नारळ ठेवा." तात्या म्हणाले, अंगावरून वारे गेले असेल, शेजारच्या गावात एक जण अंगारा देतो, त्याच्याकडे नेऊ. गाडी काढायची तर कुठे न्यायची, यावर अंगणात चर्चा सुरू झाली. ती किती वेळ चालली ते मला सांगता येत नाही, पण कोंबडा आरवून गेला होता आणि चांगले फटफटले होते.

शेजारच्या मळ्यातले निवृत्त गुरुजी आवाज ऐकून आले. त्यांनी आईच्या पापण्या बोटाने वर केल्या, "मान उचला बरं," म्हणाले. मान उचलता आली नाही. गुरुजींनी आप्पांकडे पाहिले. "पान लागलंय. मण्यार असणार. अंगारा-बिंगारा काही नको, गाडी काढा."

आमच्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. नाव घेतले की जनावर येते, ही समजूत. आप्पा म्हणाले, "अहो गुरुजी, पण कुठं दात लागल्याची खूण न्हाई, सूज न्हाई." गुरुजी म्हणाले, "मण्यारीची खूण नसतेच."

टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या पिकअपमध्ये गोधडीवर आईला घेऊन आम्ही नारायणगावकडे निघालो. अर्ध्या तासाचा रस्ता. फाटा ओलांडला आणि आईचा श्वास उथळ झाला. मी तिचे डोके मांडीवर घेतले होते. माझ्या ओढणीला ओव्याचा वास येत होता.

पुढचे चार दिवस मी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. तिथल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलवल्याशिवाय ठेवून दिले. रक्त गोठले. म्हणजे घोणस किंवा फुरसे नव्हे, कारण त्यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवते. पापण्या, गिळणे, मान, श्वास, सारी लक्षणे मण्यारीकडे बोट दाखवीत होती. सलाईनमधून सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या गेल्या. घशात नळी घातली. व्हेंटिलेटर जोडून होईपर्यंत रबरी फुगा हाताने दाबून श्वास द्यावा लागला. त्यातला काही वेळ तो फुगा माझ्या हातात होता. नर्सबाई म्हणाल्या, "मोजत राहा, चुकू नका." मी मोजत राहिले. आयुष्यात गणिताशी माझे कधी जमले नाही. त्या दिवशी मात्र चुकले नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण आई घरी आल्यावर मला चैन पडेना. माझ्या झोपेच्या त्या दोन-तीन तासांत तिच्या शरीरात काय चालले होते, हे मला जाणून घ्यायचेच होते. सायन्सच्या मैत्रिणीकडून पुस्तके आणली, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावले. जे कळले ते माझ्या भाषेत सांगते. चूक असेल तर प्राध्यापकांनी कान धरावा.

नववीत आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. विटांची भिंत रचावी तशा पेशी. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की पेशीच्या आतला भाग आक्रसून भिंतीपासून सुटतो, कारण आतले पाणी बाहेर जाते. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते ते याचमुळे. कांद्याच्या गावातली आम्ही मुले. ‘ह्यात काय विशेष?’ असे तेव्हा वाटले होते. विशेष असे, की पेशीला उंबरा असतो. स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराचा तो पापुद्रा कुणालाही सरसकट आत-बाहेर करू देत नाही. पाणी आपल्या वाटेने जाते-येते. सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांना वेगळी दारे लागतात. काही ठिकाणी तर पेशी खर्च सोसून पंप चालवते, तीन सोडियम बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आत घेते. आणि ज्या मालासाठी दार पुरत नाही, तो पेशी पिशवीत भरून पाठवते. पिशवी आतल्या बाजूने उंबऱ्याला चिकटते, तिचा पापुद्रा उंबऱ्याच्या पापुद्र्यात मिसळतो आणि माल बाहेर सांडतो. या पिशव्यांच्या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ या तिघा शास्त्रज्ञांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण पापणी उचलतो ती याच पिशव्यांच्या जिवावर. मज्जातंतू स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. मज्जातंतूच्या टोकाशी असंख्य पिशव्या भरून तयार असतात. त्यांत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन असते. मेंदूचा निरोप टोकापर्यंत आला की कॅल्शियम आत शिरते, पिशव्या उंबऱ्यावर रित्या होतात, रसायन फट ओलांडून स्नायूच्या दाराशी जाते आणि स्नायू आकुंचन पावतो. हे रसायन थेंबाथेंबाने न पाझरता ठरावीक मापाच्या पुडक्यांनी येते, हे बर्नार्ड कॅट्झ यांनी दाखवून दिले. १९७० साली त्यांनाही नोबेल मिळाले. पापणी, जीभ, मान, छातीचा भाता, सारे याच पुडक्यांवर चालते.

नाग आणि मण्यार दोघेही ही वाट बंद करतात, पण दोन वेगळ्या टोकांना. नागाच्या विषातले मुख्य घटक पलीकडच्या काठावर, म्हणजे स्नायूच्या दारावर जाऊन बसतात. निरोप येतो, पण दार अडलेले. मण्यारीच्या विषात तसलेही घटक असतात. पण तिचा खरा घातक घटक अलीकडच्या काठावर, मज्जातंतूच्या टोकातच शिरतो. पिशव्या रित्या होतात, नव्या भरल्या जात नाहीत, आणि अखेर ते टोकच नष्ट होते. तैवानच्या ली आणि चांग या शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिकडच्या मण्यारीच्या विषातून हे दोन प्रकारचे घटक वेगळे करून दाखवले. नष्ट झालेले टोक पुन्हा उगवते, पण त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

आणि हे सारे घडते ते बहुधा झोपेत. मण्यार रात्री फिरते, उंदरापालीच्या मागे घरात येते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दंश इतका बारीक की जागही येत नाही. पुष्कळदा पहिले लक्षण असते ते पोटातली कळ. ही ओळ मी पुस्तकात वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कितीतरी दिवस ते पुन्हा उघडले नाही.

आता लसीकडे येते. तिला लस म्हणतात खरे, पण देवी-गोवराची लस आणि ही लस यांत मोठा फरक आहे. देवीच्या लसीने शरीराला शत्रूची तोंडओळख होते आणि शरीर स्वतःची शस्त्रे घडवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ‘बी’ जातीच्या पेशी शत्रूच्या आकाराला नेमके बसणारे इंग्रजी वाय अक्षरासारखे रेणू तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. एकदा शत्रू ओळखला की त्या पेशींची संख्या वाढते. त्यांतल्या काही फक्त प्रतिपिंडे गाळणाऱ्या भट्ट्या बनतात, आणि काही आठवण ठेवून वर्षानुवर्षे जगतात. पण याला आठ-दहा दिवस लागतात. मण्यार तेवढी सवड देत नाही. विष काही तासांत आपले काम उरकते. तेव्हा शस्त्रे उसनी आणावी लागतात, आणि ती येतात घोड्याकडून.

घोड्याला सापाचे विष आधी अगदी थोडे टोचतात. मग कित्येक आठवडे मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही, त्याचे शरीर प्रतिपिंडे करू लागते. ती पुरेशी झाली की त्याचे रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात, तांबड्या पेशी त्याला परत देतात. त्या द्रवातून प्रतिपिंडे शुद्ध करून, त्यांचा अनावश्यक देठ छाटून, वाळवून कुपीत भरतात. भारतात मिळणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. तिच्या एका मिलिलिटरने मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, असे तिचे ठरलेले माप आहे.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढचे. घोड्याच्या शरीरातली ती पेशी प्रतिपिंड बाहेर कशी पाठवते? पिशवीत भरून! पेशीच्या आत माल तयार होतो, घड्या घातल्या जातात, पिशव्या भरतात, उंबऱ्याला लागतात आणि रक्तात रित्या होतात. अशी एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या हिशेबाने प्रतिपिंडे सोडते. म्हणजे आईच्या मज्जातंतूंच्या टोकाशी जी क्रिया मण्यारीने बंद पाडली, तीच क्रिया त्याआधी केव्हातरी, कुठल्याशा तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याच्या अंगात मुकाट्याने चालू होती. एका जिवाचे देणे थांबले तेव्हा दुसऱ्या जिवाचे देणे कामी आले.

या विद्येचा इतिहास आपल्याला परका नाही. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० साली रक्तद्रवातून प्रतिकारशक्ती एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेता येते हे दाखवले. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेरिंग यांना याच कामासाठी मिळाले. १८९४-९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावर असा रक्तद्रव तयार केला. काल्मेत यांना वाटले होते की नागाच्या विषावरचा द्रव सगळ्याच सापांना पुरेल. तो पुरत नाही, घोणशीपुढे तो लटका पडतो, हे भारतात काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवले. शत्रूगणिक शस्त्र वेगळे, हा प्रतिकारशक्तीचा मूळ नियमच आहे.

मुंबईत १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेणारे हाफकिन आपल्याला ठाऊक आहेत. ते मेचनिकॉव्ह यांचे शिष्य. भक्षक पेशी जंतूंना वेढून गिळतात हे सांगणारे तेच मेचनिकॉव्ह. परळच्या जुन्या राजभवनातल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले, आणि सर्पविषावरची लस करणाऱ्या देशातल्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे रक्तद्रवासाठी हाफकिनला दिले जात. घोडे आपले, मग द्रव आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. आज जिचे नाव जगभर आहे ती संस्था मुळात घोड्याच्या पाठीवर बसून आली, असे म्हटले तर चूक होणार नाही. आणि लसीसाठी लागणारे विष? त्यातले पुष्कळसे तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. पिढ्यानपिढ्या साप धरणारी ही माणसे. आईच्या दहा कुप्यांत किती जणांचे हात होते, हे मोजायला बसले की मोजणी संपत नाही.

उसनी वस्तू ती उसनीच, हेही सांगायला हवे. घोड्याची प्रतिपिंडे माणसाच्या शरीरात कायमची राहत नाहीत, काही दिवसांत संपतात. पुन्हा पान लागले तर पुन्हा लस घ्यावीच लागते. शिवाय शरीराची राखणदारी इतकी कडक, की घोड्याचे ते प्रथिनही तिला परकेच वाटते. आईला दुसरी कुपी चालू असताना अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली. डॉक्टर तयारीतच होते, त्यांनी लगेच इंजेक्शन दिले. पुढे घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आणि सांधेदुखी आली. यालाच लसज्वर म्हणावे. पिर्के आणि शिक या दोघांनी १९०५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. ज्याने प्राण वाचवले त्यालाच शरीर शत्रू समजून झगडते. तात्या म्हणाले, "बघा, औषध बाधलं." डॉक्टर म्हणाले, "औषधानं जीव वाचला म्हणून बाधायला माणूस शिल्लक आहे."

आता त्या व्हरांड्यातल्या दुसऱ्या दिवसाकडे परत येते. आई कॉटवर निश्चल पडली होती. पापण्या मिटलेल्या, बोटसुद्धा हलत नाही. यंत्राने छाती वरखाली होत होती तेवढेच. तात्या उशाशी उभे राहून आप्पांना म्हणाले, "आता काही राहिलं न्हाई बघ. पाहुण्यांना कळवावं लागंल." डॉक्टर मागेच होते. ते जवळजवळ ओरडलेच. "त्यांना सगळं ऐकू येतंय! स्नायू बंद आहेत, मेंदू नाही. बोलायचं असेल तर त्यांच्याशी चांगलं बोला, नाहीतर बाहेर जा."

तात्या बाहेर गेले. मी तिच्या कानाशी वाकले. काय बोलावे ते सुचेना. शेवटी तोंडातून निघाले ते एवढेच, "आई, मी ओवा दिला गं. मला कळलं न्हाई."

चौथ्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा हलला. मग पापणी अर्धवट उघडली. नळी काढल्यावर तिसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात ती माझ्याशी पहिले बोलली ते असे, "ओव्याचं काय घेऊन बसली होतीस? त्या तात्यांना मात्र मी आता सोडत न्हाई."

आम्ही सगळे हसलो, तात्याही हसले. पण नंतर एकदा पडवीत आम्ही दोघीच असताना ती म्हणाली, "सगळं ऐकू येत होतं. तू फुगा दाबताना मोजत होतीस, तेही. मला वाटायचं, ओरडून सांगावं की मी हाय. पण आवाज कुठून आणू?"

त्या संध्याकाळी मी समाधीच्या देवळात गेले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट मला तेव्हा वेगळी ऐकू आली. रेडा वेद बोलला की नाही, याचा वाद घालणारे घालोत. मला त्या गोष्टीत एवढेच दिसले, की ज्याला बोलता येत नाही त्याच्या आत काहीच नाही असे समजू नका. धर्मपीठावरचे विद्वान तसे समजत होते. तात्या तसे समजले. मीही रात्री तीन वाजता, आई कण्हत असताना, तिचे न बोललेले काही ऐकले नव्हते. घोडाही बोलत नाही. विष टोचताना त्याला दुखते, टोचल्या जागी गळवे येतात, पुन्हा पुन्हा रक्त दिल्याने तो अशक्त होऊ शकतो. त्याने हे आपण होऊन दिलेले नाही, आपण घेतलेले आहे. म्हणून त्याचा नीट सांभाळ होणे ही मेहेरबानी नव्हे, परतफेड आहे. घोड्याशिवाय प्रयोगशाळेत प्रतिपिंडे तयार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते फळाला येवोत.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना दुर्लक्षित आजारांत केली, आणि आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात म्हटले आहे. आमच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले, गावोगावी लोकांना समजावून सांगितले. पण आराखडा कागदावर असतो आणि रात्री तीन वाजता घरात असते ती एखादी अकरावीतली मुलगी. तिला काय माहीत असते, यावर पुष्कळ काही ठरते.

म्हणून ज्या मित्र-मैत्रिणींनी हा लेख येथवर वाचला, त्यांना हात जोडून सांगते. पावसाळ्यात जमिनीवर निजू नका; खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. रात्री-पहाटे कुणाच्या पोटात अकारण कळ आली, पापणी जड झाली, बोलताना जीभ अडखळली, तर खूण शोधत बसू नका. दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, चोखू नका. माणसाला हलू न देता सरळ दवाखान्यात न्या. नारळ देवापुढे नंतरही ठेवता येतो. आम्ही ठेवला, उशिराने ठेवला, देव रागावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आळेफाट्यावर एका लग्नाची वरात चालली होती. बँडच्या गोंगाटात नवरदेवाची पांढरी घोडी मान खाली घालून उभी होती. आई बाजारची पिशवी माझ्या हातात देऊन गर्दीतून पुढे गेली. पिशवीतला गुळाचा खडा तिने आधीच काढून घेतला होता. घोडीवाल्याला विचारून तिने तो घोडीला चारला आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. वऱ्हाडातल्या बायका हसल्या. नवरदेवही वरून चमत्कारिक नजरेने पाहू लागला.

"काय हो मावशी, नवस होता का?" घोडीवाल्याने विचारले.

आई म्हणाली, "न्हाई रे बाबा. उसनं घेतलं होतं."